खरेदीखत नसलेली विक्री

बेस्ट विकणार नाही. हे वाक्य मुंबईतल्या सगळ्या पक्षांना पाठ आहे. सत्तेत असताना ते शांतपणे म्हणायचे असते, विरोधात असताना मुठी आवळून. गंमत म्हणजे या बाबतीत कुणी खोटे बोलत नाही. बेस्ट खरोखरच कुणी विकलेली नाही. खरेदीखत झालेले नाही, मुद्रांक शुल्क भरलेले नाही, निबंधकासमोर कुणी अंगठा उमटवलेला नाही. फक्त बहुतेक बसगाड्या बेस्टच्या नाहीत, त्यांचे चालक बेस्टचे नाहीत, घरोघरी विजेचे नवे मीटर बसवणारे बेस्टचे नाहीत आणि आगारांच्या जमिनीवर बस सोडून आणखी काय काय उभे राहू शकेल याचे आराखडे तयार होत आहेत. बाकी सर्व जागच्या जागी आहे. गाडीच्या कपाळावरचे नाव तर अगदी ठळक.

खरेदीखत एकदा झाले होते, पण उलट्या दिशेने. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली ती खासगी कंपनीची. १९०५ साली वीज आणि ट्राम दोन्ही सांभाळणारी कंपनी आली, १९०७ साली विजेची ट्राम धावली, १९२६ साली अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस निघाली. हे सगळे खासगीच. मग ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने ती कंपनी आपल्या ताब्यात घेतली, तीच ही बेस्ट. देश इंग्रजांच्या हातून सुटायला अजून आठ दिवस होते, मुंबईकरांची ट्राम, बस आणि वीज त्याआधीच मोकळी झाली. त्या काळच्या नगरसेवकांसमोर कुठल्या सल्लागार कंपनीने पडद्यावर चित्रे दाखवून सादरीकरण केले नव्हते. त्यामुळे सार्वजनिक मालकी ही कालबाह्य चैन आहे हे त्यांना कळायचे राहून गेले.

पुढची कित्येक दशके हा संसार एका साध्या हिशेबावर चालला. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या शहरात बेस्ट वीज पुरवणार, त्यात चार पैसे सुटणार आणि ते चार पैसे बसच्या तोट्यात जाणार. म्हणजे मलबार हिलच्या दिवाणखान्यातले झुंबर पेटले की त्याचा थोडासा उजेड गोवंडीच्या शेवटच्या बसपर्यंत पोहोचायचा. श्रीमंताने गरिबाचे तिकीट काढायचे आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसायचा. समाजवादावर इतकी भाषणे झाली या देशात, पण इतक्या बिनबोभाटपणे तो क्वचितच अमलात आला असेल.

मग २००३ चा वीज कायदा आला. विजेचा हिशेब विजेपाशी, बसचा बसपाशी. पुढे काही वर्षे वीजबिलात बसच्या तुटीची वसुली वेगळी दाखवली जात होती. ती बिलावर दिसू लागली तसा ग्राहक चिडला. आयोग झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, अखेर वसुली थांबली. कुलाब्याच्या फ्रिजने मानखुर्दच्या बसचा खर्च का उचलावा, हा प्रश्न बिनतोड होता, मान्य आहे. त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न यायला हवा होता: मग कुणी उचलावा? तो कुणाच्या टेबलावर आलाच नाही. आला असेल तर फायलीखाली गेला.

इथून खरी कारागिरी सुरू होते. सार्वजनिक संस्था मोडायची असेल तर ती विकायला काढणे हा सगळ्यांत भाबडा मार्ग. लगेच कामगार रस्त्यावर येतात, वर्तमानपत्रे किंमत छापतात, कुणीतरी जनहित याचिका घेऊन कोर्टात धावते. त्यापेक्षा नवीन काही घेऊच नये. बसचे आयुष्य पंधरा वर्षांचे. नवी गाडी न घेता फक्त वाट पाहिली तरी सगळा ताफा आपोआप भंगारात जातो. याला धोरण लागत नाही, ठराव लागत नाही, धाडस तर अजिबात नाही. कॅलेंडर पुरते.

एके काळी बेस्टकडे स्वतःच्या चार हजारांहून अधिक गाड्या होत्या. जानेवारी २०१९ मध्ये कामगारांनी नऊ दिवसांचा संप केला, मुंबईच्या बसच्या इतिहासात इतका लांबलेला संप विरळाच. त्याच वर्षी पालिका, बेस्ट आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला. स्वमालकीच्या ३,३३७ गाड्या कायम राखायच्या, बाकीच्या हव्या तर भाड्याने घ्यायच्या. आकडा कसा नेमका आहे पाहा. तीन हजार तीनशे छत्तीस नाही, अडतीस नाही. इतक्या नेमकेपणाने दिलेला शब्द तितक्याच नेमकेपणाने मोडला गेला. २०२५ उजाडले तोवर स्वतःच्या गाड्या हजाराच्या खाली गेल्या होत्या आणि त्याच वर्षात त्या काहीशेवर आल्या. आता हा ताफा कायम राखायचा तर संग्रहालयात राखावा लागेल.

त्याच २०१९ च्या जुलैत किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपये झाले. वातानुकूलित गाडीचे सहा. लोक खूश झाले, थांब्यांवर गर्दी परतली, आणि ती परतायलाच हवी होती. जगातल्या कुठल्याही मोठ्या शहराला हेवा वाटावा असे भाडे. पण भाडे कमी केले की येणारी तूट भरून द्यावी लागते, गर्दी वाढली की गाड्या वाढवाव्या लागतात. ही पुढची दोन वाक्ये घोषणेच्या कागदावर मावली नसावीत. सहा वर्षे पाच रुपये पाचच राहिले, डिझेल मात्र पाचवर राहायला तयार नव्हते. अखेर ९ मे २०२५ पासून भाडे एकदम दुप्पट झाले: साधी गाडी दहा, वातानुकूलित बारा. घोड्याच्या ट्रामच्या वाढदिवशीच. एवढा योग कुणी मुद्दाम जुळवून आणला असेल असे वाटत नाही, एवढा इतिहास कोण वाचतो?

आता भाडेतत्त्वावरच्या गाड्यांबद्दल. व्यवस्था अशी: गाडी कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, देखभाल कंत्राटदाराची. बेस्टने दर किलोमीटरमागे ठरलेला पैसा द्यायचा. कागदावर हे स्वस्त पडते, आणि खरेही आहे. बेस्टच्या कायम चालकाचा पगार, रजा, निवृत्तिवेतन, उपदान हे सगळे धरले तर त्याची गाडी महागच ठरणार. कंत्राटी चालक स्वस्त का पडतो याचे उत्तरही त्याच वाक्यात आहे, ते वेगळे शोधायला नको. ऑगस्ट २०२३ मध्ये याच चालकांनी आठवडाभर गाड्या उभ्या केल्या तेव्हा मुंबईला कळले की आपल्याला रोज कामावर नेऊन सोडणारा माणूस आपल्या शहराच्या नोकरीतच नाही. संप कुणाविरुद्ध, तर कंत्राटदाराविरुद्ध. बोलणी कुणाशी? बेस्ट म्हणणार आमचा संबंध नाही, कंत्राटदार म्हणणार बेस्ट दर वाढवत नाही. मधे उभा प्रवासी. तो उभाच असतो म्हणा, बसायला जागा मिळते कुठे?

शिवाय कंत्राटदाराला एक सोय असते जी सार्वजनिक संस्थेला नसते. परवडेनासे झाले की तो जातो. एकामागून एक कंत्राटदार असे गेले आणि त्यांच्यामागे शेकडो गाड्याही गेल्या. बेस्टला ‘परवडत नाही, येतो’ असे सांगून धारावीतून उठून जाता येत नाही. तेवढ्यापुरती ती अजून सार्वजनिक आहे.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात ३३२ क्रमांकाची विजेवरची बस गर्दीच्या रस्त्यावर बेफाम सुटली. माणसे चिरडली गेली. त्यावर तिरकस काही लिहिण्यासारखे नाही. लिहिण्यासारखे आहे ते दुसऱ्या दिवसापासून जे झाले त्यावर. बस कुणाची? चालकाला त्या बनावटीच्या गाडीचे प्रशिक्षण कुणी आणि किती दिले? कंपनीने, की बेस्टने, की दोघांनी एकमेकांवर सोडून दिले? गाडीवर नाव बेस्टचे, नोंदणी दुसऱ्याची, चालक तिसऱ्याच व्यवस्थेतला. ज्यांच्या घरातली माणसे गेली त्यांना जाब विचारायला नेमक्या कोणत्या दारावर जायचे हे शोधण्यातच चपला झिजवाव्या लागल्या तर नवल नाही. खासगीकरणाने कार्यक्षमता वाढते की नाही यावर वाद घालता येईल. जबाबदारीचे तुकडे मात्र ते फार कार्यक्षमतेने पाडते.

विजेच्या बाजूला तोटा नाही असे म्हणत जरा निःश्वास टाकावा, तर तिकडे २०२२ मध्ये स्मार्ट मीटरचे सुमारे १,३०० कोटींचे काम अदानी समूहाच्या कंपनीला गेले. दहा लाखांहून अधिक मीटर. वीज बेस्टची, तारा बेस्टच्या, मीटर बसवणार आणि सांभाळणार दुसरेच. इथेही विक्री नाही, हे पुन्हा एकदा नोंदवून ठेवतो. वाड्याची दारे गेली, खिडक्या गेल्या, आता तुळयांची बोलणी चालू आहेत. पण भाऊबंद ओटीवर बसून सांगताहेत की वाडा विकलेला नाही, आणि सातबारा दाखवायलाही तयार आहेत.

बेस्टची बाजू घ्यायची म्हणून तिची पापे झाकायची गरज नाही. आगारात गाडी उभी आणि चालक ‘ड्यूटी’च्या यादीत कुठे तरी हरवलेला, हे सगळ्यांनी पाहिले आहे. नोकरभरतीत कुणाच्या चिठ्ठ्या चालायच्या ते गिरणगावातली पोरेही सांगतील. संघटनांनी जेवढे लक्ष बोनसकडे दिले तेवढे वेळापत्रकाकडे दिले असते तर आज प्रवासी त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरला असता. आणि आता निवृत्त कर्मचारी आपल्या हक्काच्या उपदानासाठी खेटे घालतात, ज्यांनी तीस-तीस वर्षे याच संस्थेचे स्टिअरिंग धरले ते. हे पाप मात्र कर्मचाऱ्यांचे नाही.

‘तोट्यात आहे’ हा शब्द तेवढा एकदा तपासून घेऊ. बेस्ट तोट्यात आहे. ठीक. त्याच महापालिकेने मरिन ड्राइव्ह ते वरळी असा कोस्टल रोड बांधला, खर्च १४ हजार कोटींच्या घरात. त्यावर टोल नाही. मोटारीतून जाणारा गृहस्थ एक पै न देता समुद्राची हवा खात दहा मिनिटांत पलीकडे पोहोचतो. या रस्त्याचा वार्षिक तोटा किती, असे पालिका सभागृहात कुणी विचारलेले ऐकलेले नाही. कारण तो रस्ता आहे, रस्त्याला तोटा होत नाही. तोटा होतो तो बसला, कारण तिच्यात माणसे जास्त बसतात. पालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचे, ठेवी ऐंशी हजार कोटींच्या घरात. त्यातून बेस्टला दिले १ हजार कोटी, आणि तेही अशा चेहऱ्याने की जणू दूरच्या नातेवाइकाच्या मुलीच्या लग्नाला आहेर पाठवला.

चंडीगडने निदान लपवाछपवी केली नाही. तिथला वीज विभाग नफ्यात होता, वीज स्वस्त होती, कर्मचाऱ्यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये संप करून अख्खे शहर अंधारात बुडवून दाखवले. तरीही प्रशासनाने तो विभाग कोलकात्याच्या आरपी-संजीव गोएंका समूहाला ८७१ कोटींना दिला. १ फेब्रुवारी २०२५ रोजी हस्तांतर झाले. नफ्यातली गोष्ट का विकली याचे पटेल असे उत्तर मला अजून सापडलेले नाही, पण चंडीगडकरांना किमान तारीख माहीत आहे, किंमत माहीत आहे, घेणारा माहीत आहे. शिव्या द्यायच्या झाल्या तर पत्ता आहे. मुंबईकराने शिवी द्यायची तर ती कुठे टाकायची?

आणि अमेरिकेतल्या क्लीव्हलँडची गोष्ट तर आपल्या नगरसेवकांना झोपताना ऐकवावी अशी. १९७७ साली डेनिस कुसिनिच नावाचा एकतीस वर्षांचा तरुण तिथला महापौर झाला. शहराच्या मालकीची छोटी वीज कंपनी होती, शेजारी मोठी खासगी वीज कंपनी होती आणि तिला ही छोटी हवी होती. शहरावर बँकांचे कर्ज होते, साधारण दीड कोटी डॉलर. वीज कंपनी विकली असती तर कर्जाचे जमले असते. याने विकली नाही. १५ डिसेंबर १९७८ ला शहराने कर्ज बुडवले, महामंदीनंतर अमेरिकेतल्या मोठ्या शहरावर प्रथमच ही वेळ आली. जगभर छी-थू झाली. मग फेब्रुवारी १९७९ मध्ये सरळ मतदान घेतले: वीज कंपनी ठेवायची की विकायची? लोकांनी मोठ्या फरकाने सांगितले, ठेवायची. त्यासाठी वाढीव आयकरही मान्य केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच लोकांनी महापौराला घरी बसवले. जवळपास वीस वर्षांनी, १९९८ साली, शहराच्या परिषदेने त्याचा गौरव केला की बाबा, तू बरोबर होतास. आपल्याकडे अशा माणसाला कुठल्याच पक्षाने तिकीट दिले नसते. वीस वर्षे थांबायची कुणाची तयारी आहे?

पण मतदान, निदान सभागृहातली चर्चा, ही तरी मुंबईच्या वाट्याला यायला हवी होती. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षे या शहराला नगरसेवकच नव्हते. म्हणजे बेस्ट समितीही नव्हती. पूर्वी या समितीत आरडाओरडा व्हायचा, सभात्याग व्हायचे, कागद भिरकावले जायचे. आम्ही त्याला तमाशा म्हणायचो. तमाशा बंद झाला, ताफा नेमका याच काळात आटला. दोन्हींचा संबंध जोडायचा की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे, मी जोडून मोकळा झालो आहे.

बरे, लोकप्रतिनिधी नाहीत तर प्रशासन तरी एकहाती असावे. ऑगस्ट २०२५ मध्ये बेस्टच्या महाव्यवस्थापकपदाचा अतिरिक्त कार्यभार कुणाकडे द्यायचा याचे आदेश निघाले. नगरविकास खात्याने एका अधिकाऱ्याला दिला. त्याच दिवशी सामान्य प्रशासन खात्याने दुसऱ्या अधिकाऱ्याला दिला. एक खाते उपमुख्यमंत्र्यांचे, दुसरे मुख्यमंत्र्यांचे. ज्या संस्थेकडे गाड्यांचा तुटवडा, चालकांचा तुटवडा, पैशांचा तुटवडा, तिथे महाव्यवस्थापक मात्र एकाच दिवशी दोन. सरकार बेस्टकडे दुर्लक्ष करते असे यापुढे कुणी म्हणू नये.

त्याच महिन्यात बेस्ट कर्मचाऱ्यांच्या पतपेढीची निवडणूक झाली. पतपेढीची, म्हणजे कर्ज-हप्त्यांचा कारभार. पण दोघे ठाकरे बंधू निवडणुकीत इथे प्रथमच एकत्र आले, म्हणून वाहिन्यांच्या गाड्या आल्या, विश्लेषक आले, मराठी अस्मिता आली. निकाल: २१ पैकी १४ जागा कामगार नेते शशांक राव यांच्या पॅनेलला, ७ महायुतीच्या बाजूच्या पॅनेलला, ठाकरे बंधूंना शून्य. दोन दिवस महाराष्ट्र फक्त बेस्टविषयी बोलत होता. त्या दोन दिवसांत ३,३३७ या आकड्याचे काय झाले, असे एकाही वाहिनीवर एकाही प्रवक्त्याला कुणी विचारल्याचे मी पाहिले नाही. बेस्ट कुणाची, हा वाद जोरात होता. बेस्टकडे काय उरले, हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

उरले काय, तर जमीन. पंचवीसहून अधिक आगारे, मुंबईत, मोक्याच्या जागी. बसमध्ये ज्यांना रस नव्हता त्या सगळ्यांना बस जिथे उभी राहते त्या जागेत कमालीचा रस निर्माण झाला आहे. हा प्रयोगही नवा नाही. कुर्ला, यारी रोड, माहीम अशा काही ठिकाणी आगारांचा विकास आधीच होऊन गेला आहे. तेव्हाही सांगितले होते की या पैशातून बेस्ट सावरेल. सावरली असती तर आज उरलेल्या आगारांकडे पाहायची वेळ आली नसती, इतका साधा हिशेब मंत्रालयात कुणी मांडून पाहावा. जमीन एकदाच देता येते, तोटा दरवर्षी येतो. त्यातून पुन्हा आगारात रात्री उभ्या करायच्या, धुवायच्या, विजेवर चार्ज करायच्या गाड्या कुठे जातील, तर तळमजल्यावर. वरती मनोरे, खाली बस. निविदेच्या पहिल्या पानावर तरी असेच असते.

नव्या योजनांत दिंडोशी आणि देवनार ही नावे ऐकू येतात. तिथे ज्या इमारती होतील त्यांत राहायला येणाऱ्यांची सोय व्यवस्थित होणार, याबद्दल निश्चिंत असा. मोटारींसाठी पार्किंगचे कितीतरी मजले असतील. विकास नियमावलीत तशी तरतूद आहे, आणि ती पाळली जाते.